दातीर सरांचं चुकलेलं प्रमेय

माझे गाइड आज पहाटे गेले, आणि त्यांचं प्रमेय अजूनही चुकीचंच आहे.

हे लिहिताना मला लाज वाटत नाहीये. ती सवय सरांनीच लावली.

दातीर सर मूळचे इगतपुरीचे. आयुष्यभर नाशिकमध्ये गणित शिकवलं. विषय: ऑर्थोगोनल सिरीज.

नातेवाईक सरांना विचारायचे, "म्हणजे तुम्ही करता काय?"

"एक युनिव्हर्सल फंक्शन असतं. त्याच्या सिरीजमधली पदं तीच ठेवायची. कुठलं मिळवायचं, कुठलं वजा करायचं, एवढंच ठरवायचं. पाहिजे ते फंक्शन तयार!"

नातेवाईक "वा वा" म्हणून जेवायला बसायचे.

माझी पीएचडी सरांच्या प्रमेयावर उभी होती. मी कुठे "क्लिअर्ली" असं लिहिलं की सर लाल पेनानं गोल करायचे. "एवढं क्लिअर हाय, तर लिहून दाखव की."

आणि सरांच्या स्वतःच्या पेपरात, ऐन मोक्याच्या जागी, काय लिहिलेलं? क्लिअर्ली!

तीन आठवडे मी ती एक ओळ सिद्ध करत बसले. आधी वाटलं, मीच ढ आहे. मग लक्षात आलं, सर चुकलेत.

सोप्या भाषेत सांगते. एसटी घोटीला दिसली, इगतपुरीला दिसली, कसाऱ्याला दिसली, म्हणून सरांनी ती पोचली असं लिहून टाकलं. दोन स्टँडच्या मधे ती रस्त्यावर होती की कुणाच्या भातात शिरली होती, ते तपासलंच नव्हतं.

मी शिकवत होते त्या कॉलेजनं मला बजावलं होतं: यंदा पीएचडी नाही, तर पुढच्या वर्षी नोकरी नाही.

मी गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? तो पेपर जगात आम्ही दोघांनीच वाचला असावा.

सांगायला म्हणून सरांच्या घरी गेले. पोहे खाऊन परत आले.

दुसऱ्यांदा गेले. पुन्हा पोहे.

तिसऱ्यांदा पिंपळगावहून घरच्या द्राक्षांची पेटी घेऊन गेले. काकू म्हणाल्या, "ही पोरगी काहीतरी लपवतेय. लग्न ठरलं का गं?"

मी ढसाढसा रडायला लागले. "काकू, सरांचं प्रमेय चुकलंय!"

"एवढंच होय? मला वाटलं, काय झालं!"

सर पेपर घेऊन बसले. काकूंनी चहा दोनदा गरम केला.

मग सर हसायलाच लागले. "अगं, हे तर साफ झोपलं!"

तशीच चप्पल अडकवून गेले आणि पेढे घेऊन आले. अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले.

शेजारच्यांनी विचारलं, "नातू झाला का?"

"नाय नाय. माझी बारा वर्षांची चूक सापडली!"

त्यांनी घाबरून दुसरा पेढा घेतला.

त्याच संध्याकाळी सरांनी जर्नलला पत्र लिहिलं. चूक आपली, शोधून काढली विद्यार्थिनीनं. माझं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

माझं तिसरं चॅप्टर गेलं. नोकरीही गेली. मी सरांवर जाम चिडले. "सर, तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"मग तू का नाय बसलीस?"

 

पीएचडी पुढे झाली, दुसरी नोकरीही लागली. पण सरांनी ते प्रमेय सोडलं नाही. दर रविवारी फोन. "जमलं बघ!" मंगळवारपर्यंत मी ते मोडायचे. सर खूश. मला वाटायचं, या माणसाला जिंकायचंच नाहीये.

गेल्या रविवारी हॉस्पिटलमधून नवीन प्रूफ आलं. हातानं लिहिलेली तीन पानं. दोन दिवसांत मला चूक सापडली. तोवर सर आयसीयूत गेले होते.

मी काकूंना फोन केला. "विचारलं तर बरोबर आहे म्हणून सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा सरांशी खोटं बोलले, तेही काकूंच्या तोंडून.

आज दुपारी काकूंनी सांगितलं. निरोप ऐकून सर हसले होते. म्हणाले, "खोटं बोलतेय ती. चूक दुसऱ्या पानावर हाय ना, विचार तिला."

हो सर. दुसऱ्याच पानावर आहे.

माझा शेवटचा नमस्कार घ्या.