नमनानंतरची कथा

आमच्या कॉलेजच्या रेडिओचा आवाज जळगावातून निघतो आणि हवा चांगली असली तर पाळधीपर्यंत पोचतो. पत्रिकेवर मात्र आम्ही अवघ्या खान्देशाचं नाव छापतो. दर हिवाळ्यात हा रेडिओ लोकसंगीत महोत्सव भरवतो. गायक शोधून आणायचं काम माझ्याकडे, कारण मी मराठी शिकवतो आणि मराठीच्या माणसाचं खेड्याशी काहीतरी नातं असतं, असा प्राचार्यांचा समज आहे.

मागच्या महोत्सवासाठी मी धुळ्याजवळच्या एका गावी गेलो होतो. तिथे सत्तरी ओलांडलेले एक आबा डफावर लांब कथागीतं म्हणायचे. त्यातलं एका राजाचं गीत चाळीस मिनिटांचं. ते सबंध येणारा त्या भागात दुसरा कुणी उरला नव्हता. आबांचा मेहुणा जन्मभर त्यांच्या मागे उभा राहून झील धरत आला होता, म्हणजे कडवं संपलं की धृपद उचलायचं. मधलं त्याला येत नव्हतं.

"मधलं याद ठेवाले दाजी शेतस ना," तो म्हणाला. "मी तं नुसता ओरडस."

"आनि बहीननी पोया खास," आबा म्हणाले. त्याची बहीण म्हणजे आबांची बायको, आणि तो जेवायला तिच्याचकडे.

आबांचा आवाज घोगरा झाला होता. चाळीस वर्षांची तंबाखू. महोत्सव शनिवारी होता आणि त्यानंतरच्या बुधवारी धुळ्याच्या दवाखान्यात त्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं.

"डाक्टर बुधवारले गळा कापस," ते बाजाराचा दिवस सांगावा तसं म्हणाले. "तेन्हा पहिले हाई एक गानं भरी ल्या." त्यांनी खुंटीवरचा डफ काढला, शेकोटीवर धरून तापवला आणि विचारलं, "आते म्हनू?"

माझ्या खिशात मोबाइल होता. मी म्हणालो, "आता नको, आबा. महोत्सवात म्हणा. तिथे चांगला माइक आहे, मशीन आहे. मागे कोंबड्या ओरडायच्या नाहीत."

आबांनी डफ परत खुंटीला लावला. "बरं. मंग तठेच. एकदाव नमन व्हयनं का कथा पुरी करनी पडस. आर्धी सोडता येत नही."

ही त्यांची रीत. सुरुवातीला देवांचं नमन, आणि ते झालं की कथा शेवटापर्यंत न्यायचीच. एकदा एका लग्नात मांडवाला आग लागली, तेव्हा वऱ्हाड पळालं आणि या दोघांनी शेजारच्या खळ्यात उभं राहून उरलेली कथा पुरी केली होती. ऐकायला एक बैल होता, असं मेहुण्याने सांगितलं.

शनिवारी दोघं नऊ वाजता फेटे बांधून हजर. उद्घाटन दहाला होतं आणि प्रमुख पाहुणे रावेरहून निघाले होते. पाहुण्यांनी दीप लावल्याशिवाय मंडपात कुणी गायचं नाही, हा प्राचार्यांचा नियम. पाहुणे 'निघाले' होते ते एक वाजेपर्यंत निघतच होते. मान्यवरांना हारांऐवजी केळीची रोपं द्यायची, अशी कुणाला तरी कल्पना सुचली होती. चौदा रोपं टेबलावर ओळीने उभी होती.

"या रोपसले केयं लागतीन, पन पाव्हना येवाव नही," मेहुणा म्हणाला. आबा हसले, आणि ते हसणं खोकल्यात गेलं.

पाहुणे आले. मग दीप, स्वागतगीत, प्रास्ताविक, चौदा सत्कार. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. पाहुणे लोककला वाचवण्याविषयी पन्नास मिनिटं बोलले आणि मांडीवरचं रोप सांभाळत बसले. हे सगळं आमच्या मशीनमध्ये उत्तम भरलं गेलं. कोंबड्या नव्हत्या.

चार वाजता निवेदिका माझ्याकडे आली. "सर, आबांना सात मिनिटं. पाचला मंडपवाला खुर्च्या उचलणार आहे."

मी आबांना सांगितलं.

"सात मिनिटमा तं राजा जल्मले बी येत नही."

"थोडक्यात करा, आबा."

"थोडकामा काय करू? निसतं नमन करस. कथा सुरू नही करस. घर जाईसन पुरी करसू."

ते उभे राहिले, नमन म्हटलं, डफ कपाळाला लावला आणि खाली उतरले. सहा मिनिटं झाली होती. निवेदिकेने त्यांच्या वेळेच्या भानाचं कौतुक केलं.

सायकल स्टँडजवळ मी मोबाइल काढला. "आबा, आता म्हणा."

त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. सकाळपासून बसून घसा कोरडा पडला होता. "सकायले या घर. सकायले चांगला लागस."

सकाळी, म्हणजे रविवारी, मी गेलो नाही. महोत्सवाचा वृत्तांत वर्तमानपत्रांना पाठवायचा होता. चौदा जणांची नावं हुद्द्यांसह, क्रम न चुकवता. प्राचार्यांनी तो दोनदा दुरुस्त करून परत पाठवला. मी ठरवलं, सोमवारी पहिल्या गाडीने जाऊ.

सोमवारी पहाटे मेहुण्याचा फोन आला. शनिवारच्या नमनाची कथा आबांनी रविवारी माझी वाट पाहून घरीच पुरी केली होती. रात्री आबांचा श्वास अडकला होता. बुधवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती, आणि बुधवारी जे स्वरयंत्र काढायचं होतं ते त्याच दिवशी काढलं.

महिन्याभराने मी त्यांना भेटायला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून महोत्सवातलं नमन मोबाइलवर उतरवून नेलं. आबा खाटेवर बसले होते, गळ्यावर पांढरी जाळीची पट्टी. मी नमन लावलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. टाळ्या सुरू झाल्या तसं मी बंद केलं, आणि काहीतरी दिल्यासारखं वाटून घेतलं.

आबांनी खुंटीकडे हात केला.

मेहुणा माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता. "भाऊ, हाई काय कयं तुम्ही? नमन वाजाडी दिधं. आते पुरी करनी पडी."

त्याने डफ तापवून आबांच्या हातात दिला आणि स्वतः मागे उभा राहिला. आबांनी सुरू केलं. ओठ हलत होते, बोटं डफावर पडत होती, आणि आवाजाच्या जागी पट्टीखालून वाऱ्याची शिट्टी यायची. कडवं संपलं की ते मान किंचित कलती करायचे आणि मेहुणा धृपद उचलायचा. मग पुन्हा शिट्टी आणि डफ. आबांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. दोनदा दम लागून आबा थांबले. आम्ही दोघांनी पुरे म्हटलं. त्यांनी हाताने गप्प केलं. या वेळी मी मोबाइलचं बटण दाबलं होतं.

शेवटाकडे एका ठिकाणी डफ अगदी हळू झाला. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पुसायला हात मोकळे नव्हते. मग पुन्हा चाल धरली, शेवट केला, आणि डफ कपाळाला लावला.

बाहेर आल्यावर मी मेहुण्याला विचारलं, "तिथं, डफ हळू झाला तिथं, राजाचं काय होतं?"

तो आठवू लागला.

"माले काय माहीत, भाऊ. मी तं मन्हा धृपदनी वाट पाहस." आणि मग सवयीने म्हणाला, "दाजीले इचारा."