तासवहीतले बंद तास

माझा मामा आयुष्यात एकदाच खोटं बोलला, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे. तेही मामीला, तिच्या गाण्याबद्दल. माणूस इतका सरळ, की चहात साखर कमी असली तरी पाहुण्यांसमोर "छान झालाय" म्हणायचा नाही, गप्प बसून प्यायचा.

बंदरात त्याला तासकाका म्हणत. जुन्या धक्क्यावर जहाज लागलं की क्रेन किती वाजता सुरू झाली, किती कंटेनर उचलले, कुठे थांबली आणि का थांबली, हे सगळं तासवहीत उतरवायचं, हे त्याचं काम. दोन पाळ्यांच्या कच्च्या चिठ्ठ्या सकाळी त्याच्या टेबलावर यायच्या. तो चष्मा कपाळावर चढवून त्या वाचायचा आणि चष्मा खाली आणून वहीत लिहायचा. अक्षर छापल्यासारखं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा बोटीवर. मामाने मला घरी आणलं आणि बेरीज-वजाबाकी त्या तासवहीवरच शिकवली. "सोळा तासांत चार तास बंद, तर चालू किती?" हे माझं पहिलं गणित.

पुढे मी बंदरांची सल्लागार झाले. म्हणजे ज्या बंदरात आपण एक दोरखंडही ओढलेला नाही, तिथे जाऊन तिथल्याच लोकांना सांगायचं, की बाबांनो, तुमचं चुकतंय कुठे. जहाजं शेजारच्या बंदरात का जातात, दर किती ठेवावा, कुठला धक्का वाढवावा, कुठला मोडीत काढावा. लोक तोंडावर मॅडम म्हणतात आणि मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत.

तर यंदा मामाच्याच बंदराचं काम आमच्या कंपनीकडे आलं. माझा मामा तिथे आहे, हे मी साहेबांना आधीच सांगितलं. साहेब म्हणाले, "मग तर फारच उत्तम. आकडे लवकर मिळतील."

मिळाले. मामाने तीन वर्षांच्या वह्या स्वतः उचलून आणून दिल्या, धूळ पुसून. प्रश्न सोपा होता. बंदरात दोन धक्के. नवा धक्का खोल, नव्या क्रेनचा. जुन्यावर दोन जुन्या क्रेन आणि तीनशे चाळीस माणसं. जहाजवाल्याला स्वस्त धक्का नको असतो हो, लवकर सोडणारा धक्का हवा असतो. जुन्या धक्क्याने दर दोनदा उतरवला, तरी जहाजं शेजारी जातच राहिली, कारण तिथे जे काम बावीस तासांत होतं त्याला इथे एकतीस लागत. का लागत? वही उघडली. ओळीमागून ओळ तेच: क्रेन बंद. क्रेन बंद. क्रेन बंद. कामाच्या सोळा तासांतले चार तास क्रेन बंद.

दुसऱ्या कुठल्या बंदरात मी असा आकडा पाहिला असता तर वर्कशॉपचं दुरुस्ती रजिस्टर मागवून पडताळला असता. तो आमच्या धंद्याचा पहिला धडा आहे. नव्या पोरांना मीच तो शिकवते. इथे मी पडताळला नाही. कारण वही मामाची होती.

मसुद्यात मी लिहिलं: क्रेन दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या आहेत, जुना धक्का बंद करावा.

मंगळवारी बंदराच्या मंडळासमोर तो वाचला. मामा शेवटच्या रांगेत वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. वाचून झाल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं, लहानपणी गणित सोडवून पाहायचे तसं. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

बुधवारी सकाळी सातला विश्रामगृहाच्या माझ्या खोलीचं दार वाजलं. मामा. शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली.

"अगं, तो आकडा काढून टाक."

"कुठला?"

"चार तासांचा. ती वही खोटी आहे."

मी हसले. खरंच हसले. मग त्याचं तोंड बघितलं आणि पायाखालची वाळूच सरकली.

"क्रेन इतक्या बंद नसतात," तो म्हणाला. "माणसं थांबतात. कुणाला ताप असतो, कुणी वर केबिनमध्येच झोपतो, कुणाची बायको अडलेली असते. माणसाच्या नावावर बंद तास लागला की हजेरी कापतात. तीनदा कापली की घरी. म्हणून मी क्रेनच्या नावावर लिहितो."

"कधीपासून?"

"झाली की एकोणतीस वर्षं."

"मामा! तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तीनशे चाळीस माणसांचा धक्का मी काल बुडवून आले, तुझ्या अक्षराच्या जिवावर!"

"यंत्राला पोट नसतं गं," तो म्हणाला. "त्याच्या नावावर लिहिलं तर कोण उपाशी राहतं? मला काय ठाऊक, कुणी एक दिवस ती सगळी बेरीज करेल म्हणून."

आणि बेरीज मी केली. ज्याने शिकवली त्याच्याच वहीवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिला आणि बटणं सोडून पुन्हा लावत राहिला.

शनिवारी शेवटची बैठक होती. मी त्या बुधवारीच तडक वर्कशॉप गाठलं. तिथला मिस्त्री तोंडाने तिखट. म्हणाला, "मॅडम, माझ्या क्रेन मोडक्या आहेत असं तुम्ही लिहिलंत म्हणे! आईशप्पथ, रोज न्हाऊ-माखू घालतो त्यांना." दुरुस्ती रजिस्टर त्याने माझ्यासमोर अक्षरशः आदळलं. दिवसाला सरासरी अर्धा तास. तेवढंच. तीन वर्षांची बेरीज मी तिथेच स्टुलावर बसून तीनदा केली. क्रेन ठणठणीत होत्या.

मला वाटलं, सुटलो. कसली अक्कल माझी! संध्याकाळी मामाच्या घरी गेले तेव्हा मामीने मला जमिनीवर आणलं. मामी शाळेत शिपाई होती, घंटा द्यायची. तिला बोलताना वळसे घालता येत नाहीत.

"क्रेन चांगल्या, मग साडेतीन तास कोण थांबवतं, असं विचारणार ना ते?" ती म्हणाली. "तेव्हा काय सांगणार? ही आगीतून फुफाट्यात उडी आहे."

मामा कपाटापाशी उभा होता. त्या कपाटात एक पत्र्याचा डबा आहे. लहानपणी त्याला हात लावायची मला बंदी होती.

"दुसरी वही आहे," तो म्हणाला. "छोटी. खरं कारण त्यात लिहितो. कुठेतरी खरं लिहायला हवं होतं ना. नाहीतर झोप कशी लागणार?"

"नावांसकट?"

"नावांसकट."

"मग ती कुणाला दाखवू नकोस," मी म्हटलं. "मलासुद्धा."

ते तीन दिवस मी अक्षरशः वेड्यासारखे काढले. वाऱ्यावर ढकलता येतात का तास? ट्रकच्या रांगेवर? भरती-ओहोटीवर? एकही आकडा जागेवर बसेना. खोटं लिहायला मी कधी शिकलेच नव्हते. ज्याच्याकडे शिकायचं तो म्हणे सरळ माणूस होता.

शनिवारी मी मंडळाला सांगितलं की मसुद्यात माझी चूक झाली, क्रेन धडधाकट आहेत, हे बघा रजिस्टर. थांबलेले तास परत मिळवले तर जुना धक्का शेजारच्या बंदराच्या तोडीस तोड उभा राहतो. दरही पुन्हा थोडा चढवता येईल.

अध्यक्ष शांत माणूस. आवाज चढवत नाही, म्हणून जास्त भीती वाटते.

"आनंद आहे," ते म्हणाले. "म्हणजे क्रेन दोषी नाहीत, माणसं दोषी आहेत. मग धक्का ठेवू, माणसं बदलू. कोण कधी थांबलं ती नावं द्या."

 मी रजिस्टरची पानं उगाच उलटू लागले. तेवढ्यात मागून खुर्ची सरकली.

"साहेब, नावं नाहीत. एकच नाव आहे," मामा म्हणाला. "कुठला कंटेनर आधी उचलायचा त्याची यादी मी करतो. यादी हातात आल्याशिवाय क्रेन हलत नाही. मला उशीर होतो. डुलकी लागते. वय झालं. आणि ते झाकायला मी क्रेन बंद लिहीत आलो."

"रोज साडेतीन तास?"

"कधी कमी, कधी जास्त."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही हा सगळा हिशेब पाहिलाय. हे शक्य आहे का?"

शक्य नव्हतं. यादी आदल्या संध्याकाळीच तयार असायची. मी लहान असताना कितीदा ती घरी बसून मामाला वाचून दाखवली होती. मामा माझ्याकडे बघत होता. त्या मंगळवारी बघत नव्हता, आता बघत होता.

"हो," मी म्हटलं. "शक्य आहे."

अर्ध्या तासात सगळं आटोपलं. जुना धक्का राहिला. तीनशे चाळीस माणसं राहिली. मामा निवृत्तीला अकरा महिने उरले असताना त्याच दिवशी घरी आला, जेवणाचा डबा आणि छत्री घेऊन. निरोप नाही, हार नाही, काही नाही. क्रेनवर आता एक घड्याळ बसवणार आहेत, आपोआप नोंद करणारं. ती शिफारस माझीच.

मला वाटत होतं, धक्क्यावरच्या लोकांना तरी कळेल. त्यांना ठाऊक होतं ना कुणाच्या पदराआड आपण वाचलो ते! पण माणसाचा हिशेब वेगळाच असतो. प्रत्येकाला आपला अर्धा तास आठवत होता. उरलेले तास काकाचेच असणार, हे प्रत्येकाला अगदी मनापासून पटलं. "डुलक्या काढून आमचाच धक्का बुडवत होता की म्हातारा," असं बोलू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी बघायला गर्दी चोरांचीच.

सर्वांत मोठा आवाज होता दोन नंबर क्रेनच्या चालकाचा. त्याला सगळे उंच्या म्हणतात, केबिन सगळ्यात उंच म्हणून. मामाचा जुना दोस्त, घरी येऊन जेवलेला माणूस. बाजारात मामाने त्याला हाक मारली. उंच्याने मान फिरवली आणि भाजीच्या गाडीआडून निघून गेला. मी सोबत होते. माझ्या हातातली पिशवी मी रस्त्यावर आपटली.

घरी येऊन मी मामावर ओरडले. "बस्स झालं! मी जाते आणि सांगते सगळं. काढ ती छोटी वही, वाचून दाखवते एकेकाला चौकात उभं करून."

"आणि पुढे?" मामा म्हणाला. "अध्यक्षसाहेबांच्या कानावर जाईल. मग मी घरी बसलो ते फुकट गेलं."

"ते तुला शिव्या देतात!"

"देऊ देत. कामावर जाऊन देतात ना?"

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोळे लाल, पण आवाज घंटेसारखा. "अहो, आता ती वही हिला देऊन टाका. हिची आहे ती. मी एकोणतीस वर्षं गप्प बसले, आता नाही बसणार."

माझी? मला काही कळेना.  मामाने कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि छोटी वही माझ्या हातात दिली. "वाच आणि जाळून टाक. पण शपथ घे, कुणाला सांगायचं नाही."

मी शपथ घेतली. कडा कुरतडलेली, पिवळी पडलेली वही. त्याआधी मामाने तासवहीत कधी खोटं लिहिलं नव्हतं, त्या खोट्याची ही सुरुवात. पहिल्या पानावर एकच नोंद होती, त्याच छापील अक्षरात:

"क्रेन दोन. एक तास चाळीस मिनिटं. भाचीला तापात झटके. चालक क्रेन सोडून तिला आपल्या गाडीवरून दवाखान्यात घेऊन गेला. वहीत लिहिलं, क्रेन बंद."

मी नऊ वर्षांची होते. मला तेव्हाचं काही आठवत नाही. फक्त कुणाच्या तरी पाठीला बांधून नेलं होतं आणि त्या शर्टाला तेलाचा वास होता, एवढं आठवतं.

"उंच्या?" मी विचारलं.

"त्याची आधीच दोनदा हजेरी कापलेली होती," मामा म्हणाला. "तिसऱ्यांदा मी कापायची? तुझ्यासाठी थांबला होता तो. आणि एकदा त्याच्यासाठी लिहिल्यावर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? त्यांच्याही घरी पोरं होतीच की."

मी उंच्याचं बाजारातलं फिरवलेलं तोंड आठवलं आणि त्याला मनातल्या मनातही शिवी देता येईना.

गेल्या आठवड्यात क्रेनवर ते घड्याळ बसलं. मिस्त्रीने फोन करून सांगितलं की पहिल्या सहा दिवसांत घड्याळाने पाच जणांची हजेरी कापली. त्यात एक उंच्या. केबिनमध्ये चक्कर येऊन वीस मिनिटं पडून होता म्हणे. घड्याळाने लिहिलं: चालक, वीस मिनिटं.

वही मी जाळलेली नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि तिच्यावर माझा छापून आलेला अहवाल. त्याच्या एकेचाळिसाव्या पानावर तीन वर्षांच्या बंद तासांचं कारण दिलंय: नोंद ठेवणाऱ्याचा निष्काळजीपणा. खाली सही माझी आहे.