‘सगळं वाचलं’ नावाचं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. जमेल का, बघू.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीच्या ऑफिसात आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आम्ही बनवतो. माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्या ड्रॉइंग बदललं की आपापल्या वेबसाइटवर सूचना टाकतात. शिवाय वीज बंद, सरकारी नियम, ते वेगळंच. एकूण चौदा साइट. रहाटणीतून जनरल शिफ्टची बस मिळत नाही, म्हणून मी पहिल्या शिफ्टच्या बसने सातच्या आत पोचायची, एकेक साइट उघडायची आणि नवीन असेल ते दाराजवळच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायची. अशी अकरा वर्षं. माणसं आत येताना आधी फळा बघायची, मग मला नमस्कार करायची. साहेब म्हणायचे, ताईंनी लिहिलं नाही म्हणजे ते घडलंच नाही. माझ्या घरात माझं कुणी इतकं ऐकत नव्हतं – हे सांगायची गरज होती का? असू दे, आता सांगितलं.

मग युनूस आला. देहूरोडचा, वडिलांचं गॅरेज. कंप्युटर सांभाळायला कॉन्ट्रॅक्टवर घेतलेला, तिशी ओलांडलेला, घरी दोन मुली. दिवाळीनंतर परमनंट करू, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. त्याने स्टोअरमध्ये भंगारात पडलेला एक कंप्युटर उचलला, पुसला आणि त्यावर फीड रीडर बसवला. फुकट मिळणारा, कुणीही घ्यावा आणि हवा तसा बदलून वापरावा असा. कुठल्याही साइटवर नवीन काही आलं की ते आपोआप एका पानावर येऊन पडायचं, आणि ते पान ऑफिसात कुणालाही उघडता यायचं. न वाचलेली सूचना ठळक दिसायची, वाचली की पानावरून जायची. दोन साइट काही केल्या जुळत नव्हत्या, त्यांच्यासाठी तो चार दिवस डबा बाजूला ठेवून खटपट करत होता.

मला दीड तास लागायचा ते काम आता चहा गार व्हायच्या आत व्हायला लागलं. फळ्याकडे कुणी बघेना. कुणीतरी त्यावर क्रिकेटच्या टीम लिहिल्या. “एक नंबर काम केलंस राव, युनूसभाई,” असं सुपरवायझर माझ्या टेबलाशेजारी उभा राहून म्हणाला. अकरा वर्षांत मला कुणी एक नंबर म्हटलं नव्हतं. माझा जळफळाट झाला. याला दुसरा सभ्य शब्द शोधून पाहिला, नाही सापडला.

तो माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण त्याने त्या चौदा साइटच्या गटाला नाव दिलं होतं – ‘ताईंची यादी’. “मेहनत तुमचीच आहे ताई, मी फक्त एका जागी आणली,” असं म्हणाला. मला ते झोंबलं. माझी अकरा वर्षं त्याने एका ओळीत बसवली, असं वाटलं.

प्रत्येकाला वेगळं लॉगिन देणार होता तो. मीच म्हटलं, कशाला, एकच ठेव, एवढे पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. की होतं? खरंच सांगता येत नाही.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक बटण होतं – ‘सगळं वाचलं’. एकच लॉगिन, त्यामुळे मी ते दाबलं की सगळ्यांचंच सगळं वाचलेलं. मी सातला यायची, तो नऊला. मी यादी उघडायची, त्यातली एखादी सूचना फळ्यावर लिहायची आणि बटण दाबायची. रोज नाही – आठवड्यातून एखाद वेळा. एवढ्यानेही लोक म्हणायला लागले की युनूसचं मशीन अधूनमधून चुकतं, फळा बघितलेला बरा. कुणीतरी क्रिकेटच्या टीम पुसल्या. मला किती बरं वाटलं, काय सांगू.

आणि मग एका मंगळवारी मी न वाचताच बटण दाबलं, आणि त्यात ड्रॉइंग बदलल्याची सूचना गेली.

नाही. हे खरं नाही. मी ती वाचली होती. ब्रॅकेटचं एक भोक दोन मिलिमीटर सरकवलं होतं. मी ठरवलं, दहापर्यंत थांबू, साहेब आज नवीन काय म्हणून विचारतील, तेव्हा मी फळ्यावर लिहीन आणि सगळे बघतील. साहेब त्या दिवशी बाहेर गेले. दुपार झाली. आता लिहिलं तर सकाळपासून गप्प का होते, म्हणून विचारतील – या भीतीने लिहिलंच नाही. खाली ब्रॅकेट काढणारे प्रेस चालू होते, जिन्यावर आवाज येत होता. दोन शिफ्टचा माल जुन्या मापाने निघाला आणि सगळा परत आला.

युनूसने ती सूचना शोधून काढली. वाचलेल्यांत होती. माझ्याकडे आला, “ताई, तुम्ही सकाळी लवकर असता, ही तुम्ही उघडली होती का?” मी म्हटलं, “नाही रे. मी आता ते पान बघतच नाही.” एवढंच बोलले. त्याने लगेच मान डोलावली. माझ्यावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती.

तीन दिवस तो त्या मशीनमध्ये चूक शोधत बसला, माझ्यापासून चार हातांवर. शेवटी त्याला एक सेटिंग सापडलं – पान खाली सरकवलं की सूचना आपोआप वाचलेली धरायची. ते चालू राहिलं होतं. त्याला वाटलं, हेच. तो साहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माझी चूक झाली. मी सेटिंग बंद करायला हवं होतं.” मी फाइल घेऊन तिथेच होते. न केलेली चूक त्याने दोन वाक्यांत कबूल केली. मी फाइलवर साहेबांची सही घेतली आणि टेबलाशी परत आले.

दिवाळी झाली. त्याला परमनंट केलं नाही, कॉन्ट्रॅक्टही वाढवलं नाही. जाताना पासवर्डची चिठ्ठी माझ्याच टेबलावर ठेवून गेला, तुमच्याकडेच असू द्या म्हणाला. आता तो वडिलांच्या गॅरेजवर बसतो, असं कळलं. मी दर गुरुवारी बहिणीकडे जाताना देहूरोडवरून जाते. रिक्षा तिथे थांबवत नाही.

ते पान अजून चालू आहे. परवा माल घेणाऱ्यांकडून तपासणीला माणसं आली होती. साहेबांनी त्यांना ते पान कौतुकाने दाखवलं. वरचं नाव वाचून एकाने विचारलं, ताई म्हणजे कोण? साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, फार छान केलंय तुम्ही.

मी थँक्यू म्हणाले.