निघोज्याच्या गेटपर्यंत

कंपनीच्या बसमध्ये आमच्यातला एक जण रावेतला चढतो आणि बसायच्या आधीच कुणाचा तरी फोन मागतो. "भावा, मूळ सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकू. बॅटरी दोन दिवस चालंल." त्याची कटकट थांबावी म्हणून एकदा मीही दिला. सॉफ्टवेअर निम्मं चढलं आणि कंपनीचं निघोज्याचं गेट आलं. तिथं फोन बंद करूनच जमा करावा लागतो. रोज याच गेटनं आत जाणाऱ्या माणसाला हे सुचू नये? वॉचमननं बटण दाबून फोन बंद केला, तो कायमचाच. वर हा मलाच म्हणतो, "तुझी बॅटरीच कमी होती राव!"

"मग स्वतःच्या फोनवर कर की प्रयोग!" मी ओरडलो.

दुकानातलं प्लास्टिकही न काढलेला आपला फोन त्यानं झटकन खिशात सारला.

"येडा का? घरचे फोन येतात ह्याच्यावर."