न पुसलेली कात्री

मेंडोसिनोच्या डोंगरात गांजा लावणाऱ्यांमध्ये थर्मन बेकविथच्या नजरेला मान होता. तरुणपणी तो लाकडाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर झाडीत लपूनछपून गांजा लावायला लागला आणि आता परवाना घेऊन उजळ माथ्यानं लावायचा. ऑक्टोबरात समुद्रावरून धुकं आत शिरलं की लोक त्यालाच बोलवायचे. फुलांच्या दाट तुऱ्यात एखादंच पान वाळलेलं दिसलं की तो ते चिमटीत धरून हलकेच ओढायचा. अलगद हातात आलं, तर आत कूज धरलीच म्हणून समजायचं.

एका सोमवारी कूज त्याच्याच मळ्यात निघाली. तुरा फोडला तर आत तपकिरी लगदा, वर राखाडी लव. तो कापत असतानाच कुंपणापलीकडून इनेसनं हाक मारली. वीस वर्षांपासूनची शेजारीण.

"थर्मन, माझी झाडं बघून जा ना जरा!"

तो तसाच गेला. अंगात तेच जाकीट, हातात तीच कात्री. वारा खेळावा म्हणून त्यानं आतली पानं विरळ केली, सकाळी झाडं हलवून दव झटकायला सांगितलं. घरी येऊन त्यानं कात्री पुसायला घेतली. पात्यावर राखाडी लव होती.

सांगायला हवं होतं. पण गावभर झालं असतं, थर्मनच कूज पसरवत फिरतोय म्हणून! 'बुरशी हवेतच असते,' अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. तरी सकाळी इनेस झाडं हलवताना दिसली की तो घरात शिरायचा.

शनिवारी ती दारात उभी राहिली. "मधले तुरे गेले. तू पानं काढलीस नेमके तिथलेच."

"माझ्याकडे कूज होती, इनेस. कात्री पुसली नव्हती. घरी आल्यावर लक्षात आलं."

"त्याच दिवशी?"

त्यानं मान डोलावली.

"कात्री पुसायला विसरलास, ते चाललं असतं," ती म्हणाली. "पण मी आठवडाभर एक तुरा फोडून बघितला नाही. का? तर थर्मन बघून गेलाय!"

तो कपडे बदलून, कात्री स्पिरिटनं पुसून तिच्या मागोमाग गेला. कुजलेल्या जागेच्या बरंच खालून कापायचं, लगेच पिशवीत बांधायचं, पुन्हा पातं पुसायचं. चांगले तुरे दुपारच्या कोरड्या हवेत काढून पंख्यापुढं सुटे टांगले. निम्मं पीक वाचलं. इनेस कामापुरतंच बोलली.

पुढं कुणी बोलावलं की थर्मन आधीच सांगायचा, "माझ्याकडे कूज निघालीय. येऊ का?" कुणी हसायचं, कुणी नको म्हणायचं. इनेस आपले तुरे आपणच फोडून बघायला लागली. तिची हाक मात्र पुन्हा आली नाही.