रखमीच्या खांद्यावर पर्स टिकत नाही

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून फाट्यावर यायचं तर आधी उतार, मग ओहोळ आणि शेवटी खडीची वाट. रखमी ही वाट जन्मभर डोक्यावर ओझं घेऊन उतरली-चढली. लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे, भाताची पोती. एकदा मजुरीवर शेजारच्या धाकलूच्या घराची कौलंसुद्धा. ओझं जड नसे असं नाही, जडच असे. पण जड ओझं वाहायची रीत असते आणि ती तिच्या अंगात मुरली होती. कापडाची चुंबळ टाळूच्या जरा पुढे ठेवायची. मान ताठ, नजर लांब वाटेवर, गुडघे किंचित सैल. वजन डोक्यावरून सरळ खाली पायात उतरलं पाहिजे, मध्ये कुठे अडकता कामा नये. आणि हात मोकळे. हात मोकळे असले की उतारावर झुडूप धरता येतं, डोळ्यांतला घाम पुसता येतो.

म्हणून तिला सुनेची पर्स कधी पटली नाही.

सून कमळ मुरबाडला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची. रोज सकाळी फाट्यावर कारखान्याची गाडी यायची. कमळनं ती पर्स थंडीत म्हशाच्या जत्रेत घेतली होती. तपकिरी, पितळी कडीची, लांब पट्ट्याची. पर्समध्ये डबा, मोबाइल, कंगवा, पिना, एक रुमाल. यातलं काहीही रखमीच्या मते कमरेला खोचता आलं असतं. तिची स्वतःची चंची तिथेच असायची, तंबाखू-पानाची, आणि ती आजवर कधी पडली नव्हती.

"एका बाजूला लोंबतं ते," ती म्हणायची. "मान्साला वाकडं करतं. ह्यात काय वजन हाय? वजन नाय तरी त्रास."

कमळनं उत्तर एकदाच दिलं, तेही चुलीकडे तोंड करून. "आई, कल्याणला आमी बिल्डिंगवर होतो ना, तवा रस्त्यानं चालले तरी कोनपन हाक मारायचा. ए बाय, येते का कामाला? माल उचलायचाय. माझ्या डोक्यावर तवा काय नसायचं. तरी वळकायचे. आता खांद्याला पर्स हाय त कोन हाक मारत नाय."

रखमीनं ते ऐकलं. तिला त्यात मोठंसं काही वाटलं नाही. कोणी कामाला हाक मारली तर वाईट काय, असं तिच्या मनात आलं.

फाल्गुनात तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. चैत्रात भगीरथ, तिचा मुलगा, शहापूरच्या गोदामातून सुट्टी काढून आला आणि तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मान इकडे तिकडे वळवून पाहिली, फोटो काढून आणायला लावला, आणि तो उजेडाला धरून सांगितलं की मणके झिजलेत, शीर दाबली जाते. डोक्यावर ओझं बंद.

"मंग कुठं घ्यायचं?" रखमीनं विचारलं.

"कुठंच नाही, आजी. घ्यायचंच नाही."

रखमीला हे बोलणं कळलं, पण जमेल असं वाटलं नाही. वैशाख तोंडावर होता. करवंदं काळी पडायला लागली होती. मुरबाडच्या आठवडी बाजारात एका भिंतीच्या सावलीत तिची बसायची जागा होती. तिची आई तिथेच बसायची. जागेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. जो बसतो त्याची ती. मागच्या वर्षी वाडीतल्या लखमाची बायको बाळंतपणासाठी थोडे बाजार चुकली, परत आली तर तिच्या जागेवर चपला विकणारा बसलेला. तो उठला नाही, आणि त्याला उठवणार कोण? रखमीचा एक हंगाम चुकला असता तर तिचंही तेच झालं असतं. घरी खायला होतं. भगीरथ आणि कमळ दोघं कमावत होते. पण बाजार गेला की तिच्याकडे उरणार काय? कोंबड्या हाकायच्या आणि सून परत यायची वाट बघायची.

तिनं करवंदं तोडली. बोटांना काटे टोचलेले कळत नव्हते, रक्त दिसलं की कळायचं.

पहिल्या बाजाराला तिनं भगीरथची जुनी खांद्याची पिशवी घेतली. पट्टा खांद्यावर टाकला, करवंदं आत भरली आणि निघाली. ओहोळापर्यंत पट्टा सारखा घसरत होता. डोक्यावर वाहणाऱ्या बाईचे खांदे उतरते होतात, त्यांच्यावर पट्टा बसत नाही. तो धरायला एक हात गुंतला. दुसरा हात बधिर. उतारावर दोनदा बसून उतरावं लागलं. बाजारात पिशवी उघडली तेव्हा तळाची करवंदं चेंगरून चिकाचा लगदा झाला होता. वरची तेवढी विकली गेली. शेजारी बसणारी भिमी म्हणाली, "रखमे, करवंदं इकते का चटनी?" सगळ्या हसल्या. रखमीही हसली. घरी येईपर्यंत खांदा पेटला होता.

करवंदाला पाटीच लागते. पाटीत ती पसरून राहतात, एकमेकांवर बसत नाहीत. आणि पाटी डोक्यावरच घ्यावी लागते.

दुसऱ्या बाजाराच्या सकाळी तिनं पाटी भरली. वर पळसाची पानं झाकली. मग ती अंगणात उभी राहिली.

भरलेली पाटी कुणालाही एकटीला डोक्यावर घेता येत नाही. कुणीतरी समोरून हात लावावा लागतो. वाडीत हे सांगावंही लागत नसे. पाटीजवळ बाई उभी दिसली की जाणारी बाई थांबून हात लावायची, मग ती वैरीण का असेना. वाहायची मात्र ज्याची त्यानं. दुसऱ्याचं ओझं कोणी वाहत नसे आणि कोणी मागतही नसे.

भिमी आणि वाडीतलीच ठमी आपापल्या पाट्या घेऊन वाटेला लागल्या होत्या. रखमीनं हाक मारली, "अगो, हात लाव."

ठमी थांबली. तिच्या डोक्यावर ओझं होतं, तरी थांबली. "नाय गो बाय."

"का नाय?"

"डाक्टरनीनं काय सांगितलाय ते समद्या वाडीला ठावं हाय. मी हात लावला नि वाटंत तुझी मान मोडली, त भगीरथ कोनाला धरंल? मलाच ना."

"तो काय बोलनार नाय."

"तो नाय बोलला त मी माझ्या मनाला काय सांगू? नको. पाप लागंल."

भिमी मागे न वळता म्हणाली, "घरात बस की आता म्हातारे. सून पगार आनते. आमाला कोन आनून देत नाय." दोघी उताराला लागल्या.

रखमी उभीच राहिली. पाटी ओट्यावर ठेवावी आणि वाकून तिच्याखाली डोकं घालावं, हेही तिनं करून पाहिलं. वाकली की मानेतून हातापर्यंत मुंग्या आल्या. पुन्हा पाटी जमिनीवर ठेवली. ऊन अंगणात उतरायला लागलं होतं. फाट्यावरची बाजाराची जीप कुणासाठी थांबत नाही.

तेवढ्यात कमळ बाहेर आली. केस विंचरलेले, खांद्याला पर्स, पायात सँडल. ती नेहमी रखमीच्या पुढे निघायची. दोघींनी एकत्र वाट उतरायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही, हे दोघींनी न बोलता ठरवलेलं होतं. एकीच्या डोक्यावर पाटी आणि दुसरीच्या खांद्याला पर्स, हे बघायला बरं दिसत नाही.

"हात लाव," रखमी म्हणाली.

कमळ पाटीकडे बघत राहिली. "आई, नको."

"तू पन नको?"

"डाक्टर..."

"डाक्टर बाजारात बसनार हाय का माझ्या जागी? आज नाय गेले त पुढच्या बाजाराला तितं दुसरा बसंल. मंग मी घरात मेले काय नि जगले काय." रखमीचा आवाज चढला नाही. तिला चढवायचा कंटाळा आला होता. "हात लाव नि जा. तुझी गाडी चुकंल."

कमळनं ओठ आवळले. वाटेकडे बघितलं, मग पाटीकडे. मग तिनं खांद्यावरची पर्स काढली आणि सासूच्या हातात दिली. पदर कमरेला खोचला. सँडल काढून त्याही रखमीकडे दिल्या. "चुंबळ दे."

"तू?"

"फाट्यापर्यंत. पुढं नाय. लाव हात."

रखमीनं डाव्या हातानं जोर लावला, उजवा नुसता टेकवला. पाटी वर गेली. कमळची मान क्षणभर डळमळली, मग ताठ झाली. वीटभट्टीवर वाढलेली पोरगी. अंगातली रीत जात नाही. ती चालायला लागली आणि रखमी मागून बघत राहिली. चाल बरी होती. चुंबळ मात्र जरा मागे बसली होती. सांगावं असं वाटलं, पण आज सांगणं बरं नव्हे.

आता रखमीच्या हातात पर्स आणि सँडल. तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर टाकला. घसरला. दुसऱ्या खांद्यावर टाकला. तोही उतरताच. गळ्यातून आडवा घेतला तर पर्स पोटावर येऊन पुढची वाट दिसेना. पर्स हातात धरली, तर एका हातात पर्स, दुसऱ्यात सँडल, आणि समोर उतार. उताराच्या तोंडाशी तिचा पाय घसरला. करंजाची फांदी धरायला हात मोकळा नव्हता. ती बसली. आजवर भरली पाटी घेऊन ज्या उतारावर ती कधी बसली नव्हती, तिथे या एवढ्याशा जिनसांनी तिला बसवलं.

कमळ पुढे निघून गेली होती. ओझ्याखाली मागे बघता येत नाही.

रखमीनं मग विचार केला नाही. सँडल चंचीशेजारी कमरेला खोचल्या. पदराची गुंडाळी करून डोक्यावर ठेवली, तिच्यावर पर्स ठेवली आणि पट्टा हनुवटीखालून घेतला. पर्स लगेच बसली. हात मोकळे झाले. एवढ्या वजनानं मानेला काही होणार नव्हतं. झुडपं धरत ती नीट उतरली, ओहोळ ओलांडला आणि खडीच्या वाटेला लागली.

फाट्यावर कारखान्याची गाडी उभी होती. खिडकीत रस्त्यावरच्या गावातली नम्रता बसली होती, कमळच्या बाजूच्या टेबलावर काम करणारी. तिच्या मांडीवरही पर्स होती. गाडीतल्या सगळ्याच बायकांच्या मांडीवर होत्या.

"कमळ? पाटी?" नम्रता म्हणाली. "आज बाजाराला का कामाला?"

"सासूची हाय." कमळ ओझ्याखालून बोलली. "मान गेलीय तिची. उतरवायला ये ना कोन."

नम्रता उतरली आणि तिनं हात लावला. पाटी खाली आली. कमळच्या कपाळावर केस चिकटले होते आणि एका करवंदाचा जांभळा ओघळ भुवईपर्यंत आला होता. तेवढ्यात मागून रखमी आली. डोक्यावर पर्स, हनुवटीखाली पट्टा, कमरेला सँडल. ती सुनेसमोर येऊन उभी राहिली. दमली होती. गुडघे जरासे वाकवले, मान ताठ ठेवली आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाली, "हात लाव गो."

गाडीत हसू फुटलं. ड्रायव्हरही हसला. कुणीतरी आतून म्हणालं, "मावशे, लय वजन हाय का?" दुसरी म्हणाली, "कमळ, पगार दुप्पट झाला वाटतं, सासूला हमाल ठेवली."

रखमीला हसण्याचं कारण थोड्या वेळानं कळलं. तिनं पर्स खाली घेतली. कमळ हसली नव्हती. तिनं पर्स घेतली, रुमाल काढला, कपाळ पुसलं. डाग गेला नाही. सँडल घातल्या. नम्रताकडे बघितलं नाही, सासूकडेही नाही. जीप आली तशी तिनं ड्रायव्हरला सांगून पाटी टपावर चढवून घेतली. मग आपल्या गाडीत चढली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

जागा मिळावी म्हणून भिमी मागच्या थांब्यावरूनच जीपमध्ये बसून आली होती; रखमी तिच्या मांडीला मांडी लावून बसली. भिमीनं टपाकडे बोट केलं. "आली का पाटी?"

"आली."

"कोनी आनली?"

"सुनेनं."

भिमीनं पान तोंडात टाकलं आणि बाजार येईपर्यंत काही बोलली नाही.

भिंतीच्या सावलीत जागा रिकामी होती. रखमी बसली. चपला विकणारा समोरच्या बाजूला होता, त्यानं एकदा इकडे बघितलं. करवंदं एकही चेंगरली नव्हती. दुपारी टळटळीत उन्हात ती विकून झाली तरी रखमी उठली नाही. पाटी उलटी करून तिच्यावर कोपर टेकून बसून राहिली. कमळ आता पुन्हा पाटी घेणार नाही, हे तिला ठाऊक होतं. रागानं नव्हे. रस्त्यानं जाताना कोणी ओझ्याला हाक मारत नाही, ही त्या पोरीनं मिळवलेली एकच गोष्ट आज फाट्यावर सगळ्यांसमोर डोक्यावरून उतरवली गेली होती. पुढच्या बाजाराला कोण येणार? भगीरथला सांगावं तर तो शहापूर सोडून कसा येईल?

संध्याकाळी कमळ आली तेव्हा रखमी चुलीशी होती. कमळनं पर्स खुंटीला अडकवली, पाय धुतले, पाणी प्यायली. मान दोन्ही बाजूंना वळवून बघितली. दुखत असणार. बऱ्याच दिवसांनी ओझं घेतलं की आधी मान धरते, मग पाठ. रखमीनं तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"चिडवलं का लय?" तिनं विचारलं.

"दिवसभर." कमळनं तेल बोटावर घेतलं. "हात लाव गो, हात लाव गो. खोकं उचलायचं झालं तरी."

रखमीनं लाकूड आत सारलं.

"भिमी बोलली का काय?" कमळनं विचारलं.

"नाय."

कमळ मानेला तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या टायमाला कमी तोड. आज लय भरलीस. अन् पर्स काखंत दाबायची, आई. डोक्यावर नाय."

"काखंत?"

"अशी." कमळ उठली नाही. तिनं नुसतं कोपर अंगाशी आवळून दाखवलं.

रखमीनं उजवा हात अंगाशी आवळून बघितला. त्या हातानं दाब कळत नव्हता. मग तिनं डावा आवळला.