डच बांधावरचा वन्समोअर

सांगलीहून साताऱ्याला माणसं लग्नाला जातात, कोर्टाच्या कामाला जातात. मी एक नाटक पडताना बघायला निघालो होतो.

माझा बालमित्र माधव कंपनीच्या खर्चाने प्रशिक्षणासाठी हॉलंडला गेला आणि तिथे त्याने एक ऑपेरा (पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊनच करायचं नाटक) पाहिला. मूळ पॅरिसचा, जुना, पाच अंकी. प्रचंड कोरस, नाच, मिरवणुका, आणि शेवटी नायिका जळत्या राजवाड्यात मरते. डच लोकांनी तो आपल्या भाषेत आणला, लहान गावातल्या हौशी मंडळींना झेपेल एवढा कापला आणि नायिकेला राजवाड्यातून काढून समुद्राच्या बांधावर उभं केलं. त्या सखल मुलखात आगीपेक्षा पाण्याची धास्ती मोठी. माधवने परत येऊन त्याचं मराठी केलं. समुद्राच्या जागी कृष्णा आली. त्याचाच साताऱ्याला प्रयोग होता.

ज्याने जन्मात पेटीला हात लावला नाही त्याला हॉलंडची नाटकं बघायला मिळावीत, आणि संगीत नाटकांत उभी हयात घालवलेल्या मला मिळू नयेत, याचं वाईट वाटलं. ते मी गिळलं. पण त्याने कुसुम नेली.

कुसुम मिरजेची, शाळेत शिकवते. तिचा गळा मी घडवला. दिवाळीनंतरचं माझं नवं नाटक तिच्याच जिवावर उभं राहायचं होतं. "माधवरावांचं किती चालतं बघू, मास्तर, मग तुमचं," असं ती म्हणाली होती. म्हणजे ते पडलं तर माझं उभं राहणार. माझ्याकडे दोन पास होते. बायकोला चल म्हटलं, तर म्हणाली, "जळायला दोघांनी कशाला जायचं?"

एसटीत शेजारी एक निवृत्त हवालदार होते. साताऱ्याजवळच्या खेड्यातले, मिरजेच्या इस्पितळात मेव्हण्याला बघून परत निघालेले. इस्लामपूर मागे पडलं. दुष्काळ सरून पहिलाच चांगला पावसाळा झाला होता आणि दोन्ही बाजूंना ऊस पुन्हा माणसाच्या वर गेला होता.

"कुटं निगाला म्हनायचं?" त्यांनी विचारलं. मी ऑपेराची हकीकत सांगितली.

"बोलतच न्हाईत? मग भूक लागली तर जेवाय वाढ म्हनून बी गाऊनच सांगायचं?"

"हो, गाऊनच."

"तवर भाकर करपती की वं!"

हा समीक्षक मला फार आवडला. मलकापूरला गाडी पंक्चर झाली तेव्हा आम्ही रस्त्याकडेच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. मिसळ जाळ होती. हवालदारांनी ती शांतपणे संपवली, मी नाक पुसत बसलो. तिथेच मी दुसरा पास त्यांच्या हातात ठेवला. पडणाऱ्या नाटकाला चार टवाळ माणसं असलेली बरी. गाडी सुरू व्हायला उशीर होत होता तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. मजा चुकते की काय!

चुकली नाही. साताऱ्यात उतरलो तेव्हा किल्ल्याच्या डोंगरावर ऊन होतं आणि दुपारच्या प्रयोगाला थिएटर भरत आलं होतं. ती गर्दी बघून माझ्या पोटात दुखलं. मिसळीवर ढकलावं म्हटलं, पण दुखणं तिचं नव्हतं.

पडदा उघडण्याआधी माधव काळा कोट घालून पुढे आला. "हॉलंडमध्ये प्रेक्षक शेवटपर्यंत टाळीसुद्धा वाजवत नाहीत. तेव्हा रसिकांना विनंती, कृपया वन्समोअर देऊ नये."

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला वन्समोअर देऊ नका म्हणणं म्हणजे लग्नाला बोलावून जेवू नका म्हणणं. मला वाटलं, इथेच बोंब होणार. पण साताऱ्याची माणसं शहाण्यासारखी गप्प बसली. पहिला अंक रंगला, दुसरा त्याहून रंगला. मी चुका शोधत होतो, त्या सापडेनात, आणि प्रत्येक न सापडलेल्या चुकीगणिक माझा संताप वाढत होता. हवालदारसुद्धा पुढे वाकून बघत होते. म्हटलं, हाही फितूर झाला.

शेवटी पोत्यांच्या बांधावर कुसुम उभी राहिली. निळ्या कापडाचं पाणी चढत गेलं. ती साध्या, सरळ सुरांत गायली, तान नाही की आलाप नाही, आणि पाण्यात पडली. कोळी झालेल्या चौघा नटांनी तिला उचललं. थिएटर चिडीचूप. ही शांतता मी ओळखतो. तिच्या मागून येते ती टाळी नाटकाला वर्षानुवर्षं चालवते.

मी ओरडलो, "वन्समोअर!"

ऑर्गनवर जुन्या नाटक कंपनीतले नाना होते. तो शब्द कानावर पडताच त्यांचे पाय आपोआप भात्यावर गेले आणि पदाचे सुरुवातीचे सूर वाजू लागले. सूर ऐकून कोळ्यांनी, तेही आमच्याच नाटकांत वाढलेले, प्रेत अलगद खाली ठेवलं. प्रेत उठलं. त्याने पदर खोचला आणि ते बांधावर जाऊन उभं राहिलं. लोक खदखदून हसले. विंगेत माधव कपाळाला हात लावून उभा दिसला. मनात म्हटलं, बुडालं हॉलंड!

मग कुसुम गाऊ लागली. शेवटच्या ओळीला तिने शब्द अर्ध्यावर सोडला, थांबली, आणि राहिलेला अर्धा शब्द खालच्या सुरात असा ठेवला की हसणं जागच्या जागी विरलं. ती जागा माझी होती. मी शिकवलेली, माझ्याच घरात. ती पुन्हा मेली तेव्हा बायका रडत होत्या.

हवालदार उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "पयल्या डावाला नुस्ती मेली हुती, मास्तर. आता मातूर लय जीवाला लागलं."

आत गेलो. माधवने मला कडकडून मिठी मारली. "गजा, तुझा आवाज ओळखला मी! मी हॉलंडचं खूळ घेऊन बसलो होतो रे. आता हा वन्समोअर कायमचा ठेवला." कुसुम तोंडावरचा रंग पुसत होती. तिने वाकून नमस्कार केला. "मास्तर, यंदा तुमचं नाही जमायचं. हे आता सांगली, कोल्हापूर करत पुण्याला चाललंय. पण सांगलीच्या प्रयोगाला नक्की या. पुढेच बसा आणि असंच ओरडा. तुम्ही ओरडलात म्हणून मला तसं गाता आलं."

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर मावळतीचं ऊन उसावर पडलं होतं. ते सुंदर होतं, पण माझ्या कामाचं नव्हतं. फ्रेंचांचं डचांनी घेतलं, डचांचं माधवने घेतलं, कुसुमने माझं घेतलं, आणि साऱ्या घेण्यादेण्यात जाहिरातीवर नाव नाही ते एकट्या माझं. घरी बायकोने विचारलं, "पडलं का?" मी म्हणालो, "पाडलं होतं. तिने उचललं."

सांगलीच्या प्रयोगाला मी जाणार आहे. खोटा वन्समोअर द्यायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. आता खरा द्यायचा आहे, आणि तो माझ्या तोंडून निघेल की नाही, मला सांगता येत नाही.